उतरत्या पाण्यातला फ्लॅटहेड

फ्लॅटहेड या माशासाठी ऑस्ट्रेलियातल्या तुरॉसला पहिल्यांदा जाणाऱ्याने पहिल्या दिवशी रॉड गाडीतच ठेवावा. पाणी पूर्ण उतरलं की रिकाम्या हातांनी वाळूवर जावं आणि खाली बघत चालावं. काही तासांपूर्वी जिथे गुडघाभर पाणी होतं, तिथे ओल्या रेतीत खळगे दिसतात. पुढे रुंद, त्रिकोणी आणि मागे निमुळते होत गेलेले, उलथनं रेतीत दाबून उचलावं तसे. तिथे मासा पडून होता. पाणी असताना तो रेतीत अंग घुसळून बसला, डोळे तेवढे वर ठेवले, आणि पाणी उतरायला लागल्यावर खोल पाटाकडे सरकला. खळगा मागे राहिला. पुढची भरती तो पुसून टाकेपर्यंत आपल्याला तो वाचायला मिळतो.

खळग्याची लांबी म्हणजे जवळजवळ माशाची लांबी. कडा धारदार असतील तर तो याच ओहोटीचा, कडा ढासळलेल्या असतील तर आधीचा. रुंद टोक कुठल्या दिशेला आहे ते पाहायचं, कारण मासा प्रवाहाकडे तोंड करून बसतो. म्हणजे त्या जागी पाणी नेमकं कुठून कुठे वाहतं हेही खळगाच सांगतो. वाळूच्या दांड्यावर असे खळगे सारखे पसरलेले नसतात. एखाद्या ओघळीच्या तोंडाशी, समुद्री गवताचा पट्टा संपतो त्या रेषेवर, दांडा उतरून पाट सुरू होतो त्या काठावर ते दाटीने असतात, आणि मधली शेकडो पावलं वाळू कोरी असते. फ्लायफिशिंग शिकताना मी जे काही शिकलो, त्यात हे चालणं सगळ्यात मोलाचं. लाइन किती लांब फेकता येते हा प्रश्न त्यानंतरचा.

हा मासा म्हणजे डस्की फ्लॅटहेड. फ्लॅटहेडच्या जाती पुष्कळ आहेत, त्यांतली ही आकाराने सगळ्यात मोठी. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याखेरीज ती जगात कुठेच नाही. उत्तरेला क्वीन्सलँडमधल्या केर्न्सपासून दक्षिणेला व्हिक्टोरियातल्या गिप्सलँड लेक्सपर्यंत, खाड्या आणि खाजणं हे तिचं घर. डोकं चपटं, डोळे डोक्याच्या माथ्यावर, अंगाचा रंग खालच्या रेतीचिखलाप्रमाणे कधी फिका तर कधी गडद, आणि शेपटीवर एक काळा डाग. ती भक्ष्याच्या मागे धावत नाही, दबा धरून पडून राहते. बोयची पिल्लं, कोळंबी, बारके खेकडे, आपल्या मुडदुशीच्या कुळातले व्हायटिंग, जे डोक्यावरून जाईल ते एका झेपेत तोंडात. झेप असते हातभर. तेवढ्या अंतरात तुमचा फ्लाय, म्हणजे केस-दोरे बांधून केलेलं बनावट आमिष, आला नाही, तर मासा हलतसुद्धा नाही.

आम्ही सिडनीत राहतो. तुरॉस हेड तिथून दक्षिणेला साधारण ३०० किलोमीटर, प्रिन्सेस हायवेने बेटमन्स बे आणि मोरुया मागे टाकून. एका बाजूला तुरॉस लेक, दुसऱ्या बाजूला कोइला लेक आणि समोर समुद्र, अशा चिंचोळ्या जमिनीवर हे गाव आहे. दक्षिणेला गुलागा पर्वत दिसतो. हा सगळा युइन लोकांचा प्रदेश आहे, आणि या खाड्यांवर त्यांचं पोट हजारो वर्षं चाललं आहे. तुरॉस नदी तुरॉस लेकमधून समुद्राला मिळते. तोंडाजवळ पाणी स्वच्छ, तळ पांढऱ्या रेतीचा. आत जावं तसा चिखल, गवत आणि कालवांची शेती.

माझं गाव वाशिष्ठीच्या खाडीकाठचं. बाबा हौसेने पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकायचे. काठावर उभे राहून पाण्यावरची बोयची सळसळ बघत राहायचे, आणि मी विचारलं की "आता टाका ना" तर नुसता हात वर करायचे. थांब, असं. त्यामुळे खाडीकाठी उगाच उभं राहणं मला जड जात नाही. पण गळ मी इथे येईपर्यंत कधी गंभीरपणे धरला नव्हता, आणि फ्लाय रॉड तर पाहिलाही नव्हता. तो पहिल्यांदा पाहिला तुरॉसलाच, आम्ही ज्यांच्या घराची मागची खोली सुट्टीत भाड्याने घेतो त्या गृहस्थांच्या हातात. आयुष्यभर कालवांच्या शेतीत काम केलेला हा माणूस आता सत्तरीच्या पुढचा आहे. मांडीभर पाण्यात उभे राहून ते पिवळी लाइन मागेपुढे झुलवत होते आणि पाण्यावर कसलाही आवाज होत नव्हता. मी विचारलं, शिकवाल का? ते म्हणाले, उद्या दुपारी पाणी उतरलं की ये, काही आणू नकोस. ते वाळूवरचं चालणं हा माझा पहिला धडा.

मुलगी बरोबर होती. तिच्याकडे शिवणाच्या डब्यातली मोजपट्टी होती आणि ती प्रत्येक खळगा मोजून मोठ्याने आकडा सांगत होती. पाटाच्या एका वळणावर ती थांबली. "बाबा, हा माझ्या कमरेपर्यंत येईल." तिथे तीन लहान खळगे आणि त्यांच्या मधोमध हा एक मोठा. गृहस्थ गुडघ्यावर बसले, बोटाने त्याची कड चाचपली आणि म्हणाले, ही मादी, आणि हे बाजूचे बहुतेक नर. या जातीत मोठे मासे जवळजवळ सगळे मादीच असतात. साठ सेंटिमीटरच्या पुढचा नर क्वचितच. नर तीस सेंटिमीटर ओलांडले की वयात येतो, मादी मात्र पंचावन्नच्या आसपास पोचल्यावर. उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, त्या खाडीच्या तोंडाकडे सरकतात आणि अंडी घालतात.

न्यू साउथ वेल्सचे, म्हणजे आमच्या राज्याचे, नियम यावरच उभे आहेत. डस्की फ्लॅटहेड ठेवायचा तर तो ३६ ते ७० सेंटिमीटरच्या मधला हवा. त्याहून लहान आणि त्याहून मोठा, दोन्ही पाण्यात परत. दिवसाला पाचच. सीमा ओलांडून व्हिक्टोरियात गेलं की हीच मर्यादा ३० ते ५५ आहे, क्वीन्सलँडमध्ये ४० ते ७५. वरची मर्यादा मला फार शहाणपणाची वाटते. कोकणात आम्ही मोठा मासा मिळाला की गावभर दाखवत फिरायचो, आणि त्यात गाभोळी निघाली की आनंद दुप्पट. इथे तीच मोठी मादी कायद्याने वाचवली आहे.

गळ टाकण्याआधी फी भरावी लागते. वर्षाची ३५ डॉलर, ऑनलाइन, पाच मिनिटांत. हा पैसा सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत न जाता हौशी मासेमारीच्या ट्रस्टमध्ये जातो, आणि त्यातूनच २००२ मध्ये राज्यातल्या ३० जागांवरची व्यावसायिक मासेमारी, परवान्यांची भरपाई देऊन, पूर्ण किंवा बरीचशी थांबवण्यात आली. तुरॉस लेक त्यांतला एक. जाळ्यावर पोट असलेल्या माणसांना तेव्हा काय वाटलं असेल हा विचार खाडीकाठी वाढलेल्या माणसाच्या मनात येतोच, माझ्याही आला. पण भरपाई देऊन केलेली ती गोष्ट होती आणि आज त्या पाण्यात मासे आहेत. शिवाय हा भाग बेटमन्स मरीन पार्कच्या हद्दीत येतो, तेव्हा कुठल्या पट्ट्यात गळ अजिबात टाकायचा नाही हे नकाशावर पाहूनच पाय पाण्यात घालायचा.

सामानाबद्दल फार लिहीत नाही, कारण दुकानात गेलं की माणूस हवं त्यापेक्षा जास्तच घेऊन येतो. नऊ फुटी, आठ नंबरचा रॉड, खाऱ्या पाण्याला टिकेल असं रीळ, एक तरंगणारी लाइन. पाटात उतरायचं असेल तर हळूहळू बुडणारी दुसरी लाइन. लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्या मधला पातळ दोरा, नऊ फुटांच्या आसपास आणि त्याचं शेवटचं टोक १५ ते २० पौंडांच्या फ्लोरोकार्बनचं. फ्लॅटहेडचे दात बारीक असतात, पण जबड्यात त्यांच्या खरखरीत रांगा असतात आणि मासा डोकं झटकतो तेव्हा पातळ दोरा त्यांवर घासून तुटतो. पोलराइज्ड चष्मा मात्र चांगला घ्यावा. तो नसेल तर पाण्यातली वाळू आणि गवत यांतली सीमा दिसत नाही, आणि ती दिसली नाही तर बाकी सामान असून उपयोग नाही.

फ्लायबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. फ्लॅटहेडसाठी बहुतेक लोक क्लाउझर मिनो वापरतात. पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना नदीवर गाइडचं काम करणाऱ्या बॉब क्लाउझर यांनी १९८० च्या दशकात तो स्मॉलमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या माशासाठी बनवला. त्याला नाव दिलं फ्लायफिशिंगवर लिहिणाऱ्या लेफ्टी क्रे यांनी, आणि त्यांनीच तो जगभरच्या खाऱ्या पाण्यात नेला. युक्ती साधी आहे. गळाच्या दांड्यावर, दोरा ओवायच्या छिद्राच्या थोडं मागे, डंबेलच्या आकाराचे दोन धातूचे डोळे दोऱ्याने आठाच्या आकड्यात घट्ट बांधायचे. ते दांड्याच्या वरच्या अंगाला बांधले की वजनामुळे फ्लाय पाण्यात उलटा होतो आणि गळाचं टोक वर राहतं. टोक वर म्हणजे तळाशी ओढत नेलं तरी ते गवतात, कालवांच्या शिंपांत फारसं अडकत नाही. पुढे जड आणि मागे हलका, त्यामुळे ओढला की वर उसळतो, थांबलं की डोक्यावर खाली येतो आणि रेतीचा बारीक धुरळा उडवतो. रेतीत लपू पाहणारी कोळंबी हेच करते.

मी ते घरीच बांधतो. टेबलावर चिमटा, त्यात १/० नंबरचा गळ, पांढरे आणि पोपटी बकटेलचे, म्हणजे हरणाच्या शेपटीचे, केस, मध्ये चमचमत्या धाग्यांच्या चार-पाच काड्या. बांधताना हात आखडता ठेवावा लागतो. केस जास्त झाले की फ्लाय पाण्यात गुबगुबीत दिसतो आणि बुडायलाही वेळ घेतो. उजेडाकडे धरला तर केसांतून पलीकडचं दिसलं पाहिजे. गुडघाभर पाण्यासाठी लहान डोळे, पाटाच्या काठासाठी जड. लीडरला तो घट्ट गाठीने न बांधता छोट्या फासाने बांधला की मोकळेपणाने मान टाकतो.

रॉड फिरवायला शिकलो ते घराजवळच्या क्रिकेटच्या मैदानावर, संध्याकाळी, फ्लायच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून. फ्लायफिशिंगमध्ये वजन फ्लायचं नसतं, लाइनचं असतं. लाइन मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे आणायची. हे थांबणं हाताला पटायला आठवडे जातात. लोकरीवर जमलेलं क्लाउझर बांधल्यावर पुन्हा नव्याने शिकावं लागतं, कारण धातूचे डोळे मागे हिसका देतात आणि पुढे येताना कानाजवळून शिट्टी वाजवत जातात. टोपी आणि चष्मा त्यासाठीही हवाच. गृहस्थांनी मला रॉड मागे नेताना आडवा, पुढे आणताना उभा, असा लंबगोलाकार फिरवायला लावला. त्याला बेल्जियन कास्ट म्हणतात. लाइन कुठेही अचानक दिशा बदलत नाही, म्हणून जड फ्लाय शांत राहतो. उन्हाळ्यात या किनाऱ्यावर दुपारनंतर ईशान्येचा वारा सुटतो, तेव्हा याच पद्धतीने निभावतं. पंधरा मीटर लाइन नीट पडली तरी फ्लॅटहेडला पुरते.

मग प्रश्न वेळेचा. फ्लॅटहेडची खरी वेळ म्हणजे ओहोटीचा उत्तरार्ध आणि भरतीची सुरुवात. दांड्यांवर चरायला गेलेले बारके जीव पाण्याबरोबर खाली येऊ लागतात आणि त्यांना ठरावीक ओघळींतूनच यावं लागतं. फ्लॅटहेड तिथे वाट बघत असतो. म्हणून मला सकाळच्या उजेडात, वारा सुटायच्या आधी, उतरतं पाणी हवं होतं.

फोनवर बाबांना हे सांगितलं तर त्यांनी लगेच विचारलं, "तिथी काय त्या दिवशी?" आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा ते बारा. बाबांनी घड्याळाआधी पंचांग बघून खाडी ओळखली. ते गणित इथे जसंच्या तसं चालत नाही. सिडनीजवळ अमावास्या-पौर्णिमेची पूर्ण भरती बाराला न येता आठ-नऊच्या दरम्यान येते, आणि उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे केलेलं असतं. पण दर तिथीला पाऊण तासाने वेळ पुढे सरकते, हे चंद्राचं गणित दोन्हीकडे एकच. मी बाबांना सिडनीचा आकडा सांगितला, आणि त्यांनी तिकडून बोटांवर मोजून सांगितलं, "म्हणजे तुला षष्ठी ते अष्टमी धरावी लागेल. भांगाचं पाणी, ओढ कमी." छापील कोष्टकाशी ताडून पाहिलं. बरोबर होतं.

कोष्टक असतं सिडनी बंदरातल्या फोर्ट डेनिसनचं. तुरॉससारख्या लेकमध्ये पाण्याला अरुंद तोंडातून आत शिरावं लागतं, त्यामुळे आत प्रत्येक गोष्ट उशिरा घडते, आणि जितकं आत जावं तितका उशीर वाढतो. समुद्रावर पाणी फिरलेलं असतं तेव्हा आत अजून ओहोटी चालू असते. हा फरक मी काठावर काठी रोवून, तिच्यावर खुणा करून काढला, प्रत्येक दांड्यासाठी वेगळा, आणि वहीत लिहून ठेवला. पाऊस जास्त झाला किंवा तोंडाशी रेती साचली की तो बदलतो. मुंबईत उधाणाला साडेचार मीटरच्या वर पाणी चढतं. सिडनीत ते दोन मीटरच्या आसपास, आणि लेकच्या आत त्याहूनही कमी. एवढ्या थोड्या चढउतारात एक वीतभर पाणी म्हणजे मासा असणं किंवा नसणं.

मार्चमधल्या एका सकाळी हे सगळं जुळून आलं. सप्तमी होती. पाणी उबदार होतं, आकाश मोकळं, आणि मुलीने कमरेएवढा म्हणून मोजलेल्या त्या खळग्याच्या वळणाशी पाणी नुकतंच मांडीखाली आलं होतं. पाय उचलून टाकायचा नाही, तळावरून घासत सरकवायचा. पाकट रेतीत लपून बसलेले असतात. घासत गेलं की ते आधीच निघून जातात, पाय थेट अंगावर पडला तर शेपटीचा काटा पोटरीत. तसं झालंच, तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवतात. त्या सकाळी एक पाकट माझ्यापासून दोन हातांवर उठला आणि धुरळा मागे सोडत गेला.

मी पाटाच्या काठावर, प्रवाहाच्या खालच्या अंगाला उभा राहिलो. फ्लाय वर, तिरपा, उथळ भागाकडे टाकायचा आणि प्रवाहाबरोबर खोलाकडे आणायचा, कारण मासा उथळाकडे तोंड करून बसला आहे आणि त्याचं खाणंही त्याच दिशेने येतं. खोलातून उथळाकडे पळणारी कोळंबी त्या वेळी कुठेच नसते. फ्लाय पडला की तळाला टेकू द्यायचा. मग डाव्या हाताने दोन आखूड ओढी आणि थांबणं. पुन्हा दोन, पुन्हा थांबणं. रॉडचं टोक पाण्याला टेकलेलं, म्हणजे लाइनमध्ये ढिलाई नाही. एका जागेवरून पंख्याच्या काड्यांप्रमाणे एकेक तिरपी रेघ घ्यायची, रेघांत हातभरच अंतर ठेवायचं. जवळची आधी, लांबची नंतर. सगळ्या रेघा झाल्या की चार पावलं पुढे.

झेप बहुतेक वेळा थांबण्यातच येते. लाइन ओढायला जावं तर ती जड झालेली असते. एक बोथट ठोका बोटांत जाणवतो, आणि त्या क्षणी रॉड वर उचलायचा नसतो. ट्राउटच्या नद्यांवर रॉड उचलतात, इथे डाव्या हाताने लाइनच जोरात खेचायची, रॉड पाण्याकडेच रोखलेला ठेवून. गळ बसला तर बसला. नाही बसला, तर फ्लाय हातभरच पुढे सरकलेला असतो, आणि फ्लॅटहेड त्याच्यावर पुन्हा येतो. मला त्या सकाळचा पहिला मासा असा दुसऱ्या झेपेत मिळाला, चाळीस सेंटिमीटरच्या आतबाहेरचा. मग आणखी एक, गवताच्या रेषेवर. दोघेही वहीत ज्या जागी खळगे काढले होते तिथेच.

मोठी मादी लागली तेव्हा आधी वाटलं फ्लाय तळाला अडकला. मग तळ हलला. फ्लॅटहेड उडी मारत नाही, दूरवर पळतही नाही. ती तळाला चिकटून पाटाकडे जाते, जड, थांबत थांबत, आणि मध्येच डोकं झटकते. ते झटके रॉडमधून खांद्यापर्यंत येतात: एक, दोन, तीन, मग शांतता. मी लाइन जाऊ दिली, पुन्हा घेतली, पुन्हा जाऊ दिली. गृहस्थ काठावरून बघत होते. ते एवढंच म्हणाले, तिचं डोकं पाण्याखाली ठेव. डोकं पाण्याबाहेर आलं की ती जोरात झटकते, आणि बहुतेक मोठे मासे नेमके तेव्हाच सुटतात. ती वर आली ती बाजूने, तपकिरी, ठिपकेदार, डोकं माझ्या वितीपेक्षा रुंद. त्यांनी रबरी जाळीचं मोठं जाळं पाण्यात धरलं आणि मी तिला डोक्याकडून त्यात सरकवलं.

कल्ल्यांच्या झाकणांवर काटे असतात, टोकदार, मागे वळलेले. ते बोटात गेले की दुखणं दिवसभर जात नाही, म्हणून हात घालायचा तो ओल्या फडक्यानेच. गळाची उलटी अणी मी बांधतानाच चिमट्याने दाबून टाकतो, त्यामुळे फ्लाय एका पिळात निघाला. तिला पाण्याबाहेर न काढता जाळ्यातच पट्टी लावली. ७६ सेंटिमीटर. खालून दोन्ही हात देऊन तिला प्रवाहाकडे तोंड करून धरलं. कल्ले उघडझाप करत होते. मग शेपटी घट्ट झाली, हातांतून एक हिसका गेला आणि ती गेली. जिच्या पोटात पुढच्या मोसमाची लाखो अंडी असू शकतात तिला हातांत धरून परत सोडणं, हे मला मासा घरी नेण्यापेक्षा मोठं वाटतं. हे मी बाबांनाही सांगितलं. ते थोडं थांबले, मग म्हणाले, "गाभोळीवाली बोय आम्हीही सोडायला हवी होती."

आधीच्या दोघांपैकी मोठा ठेवला होता. फ्लॅटहेडचं मांस पांढरं, घट्ट आणि काट्यांना सोपं. इथले लोक नुसते फिले काढतात आणि डोकं टाकून देतात, ते मला बघवत नाही. तुकड्यांना आलं-लसूण, हळद, तिखट आणि आगळ लावून रव्यात घोळवून तळले. डोक्याचं आणि मधल्या काट्याचं कालवण केलं, नारळ आणि कोकमाचं. गृहस्थांनी पहिल्यांदाच त्यांच्या खाडीतल्या माशाचं डोकं खाल्लं आणि गालाचं मांस शोधायला ते माझ्या मुलीकडून शिकले.

फ्लायपेक्षा सॉफ्ट प्लास्टिक म्हणतात त्या रबरी आमिषावर जास्त मासे मिळतात, असं इथे सगळेच सांगतात, आणि खोल पाटात ते खरं आहे. होडीतून तीन मीटर पाण्यात मासेमारी करायची असेल तर मीही स्पिनिंग रॉड घेईन. पण गुडघाभर, वीतभर पाण्यात, जिथे शिसं धपकन पडलं की आजूबाजूचं सगळं पळतं, तिथे फ्लाय हळू टेकतो आणि हातभर जागेत हवा तितका वेळ थांबवता येतो. उथळ पाण्यात फ्लाय ही कमीपणाची पद्धत नाही, तिथे तीच योग्य आहे, असं माझं ठाम मत आहे. कुणाला शिकायचं असेल तर नोव्हेंबर ते एप्रिल धरावा. थंडीत मासा असतो, पण खोलात आणि सुस्त.

आता वहीत नवीन पान उघडलं आहे, रात्रीचं. उन्हाळ्यात चंद्र उतरणीला लागला की अंधाऱ्या रात्री ओहोटीबरोबर कोळंबी लेकमधून समुद्राकडे निघते. लोक दिवे आणि जाळी घेऊन पाण्यात उतरतात, आणि त्याच पाटांच्या काठांवर फ्लॅटहेड येऊन बसतात. त्यासाठी मी क्लाउझर काळे आणि जांभळे बांधतो आहे, डोळे लहान, केस आणखी विरळ. काळोखात माशाला वरच्या आकाशाच्या उजेडावर फ्लायची आकृतीच दिसते, म्हणून रंग गडद हवा. अमावास्येच्या आसपासच्या ओहोटीच्या वेळा काढायला घेतल्या आहेत. तुरॉसच्या तोंडाशी या हिवाळ्यात रेतीचा दांडा सरकला आहे, त्यामुळे काठी रोवून सगळे फरक पुन्हा मोजावे लागतील.